चिंधी बांधलेला वेल

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट कळलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर हातात पेन आलं ते कुठे सही करायची असली तरच. ही वही शेजारच्या मुलीची आहे. मागची पानं कोरी होती, म्हणून तिने मला दिली. कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही, पण चुकून वाचलंच तर हसू नये. घरी आम्ही मराठी बोलत नाही, लिहायला मात्र मला तेवढी एकच भाषा शिकवली आहे. त्यामुळे इथे बाप सोडून सगळे मराठीत बोलतील.

माझे आईवडील प्रकाशा गावाजवळ एका शेतकऱ्याच्या केळीच्या मळ्यात वर्षाच्या करारावर कामाला होते. मळ्यातच आमची झोपडी. आम्ही मूळचे डोंगरातले, पण माझा जन्म सपाटीवरचा. डोंगर म्हणजे माझ्यासाठी उत्तरेकडची एक निळी रेघ होती. जंगलातलं मला काही येत नव्हतं. केळीतलं सगळं येत होतं. कापणीच्या आदल्या दिवशी मालक मळ्यातून फिरायचा आणि जो घड तयार असेल त्याच्या खोडाला केळीच्या वाळक्या सालीची पट्टी बांधायचा. दुसऱ्या दिवशी ट्रक आला की माणसं फक्त बांधलेली झाडं बघत जायची. मी लहानपणी त्यांच्यापुढे पळत पट्ट्या शोधायची. बांधलेलं दिसलं की कापायचं, हे माझ्या डोळ्यांत बसलं होतं. तेच पुढे माझ्या अंगाशी आलं.

लग्न होऊन मी तळोद्याच्या वरच्या डोंगरातल्या गावात आले. जीप सोडते तिथून घर तासभर चालायचं. नवरा सुरतेकडे कामाला, होळीला आणि पावसाळ्यात महिनाभर येतो. घरात सासू, सासरे आणि मी. सासूला मी याहा म्हणते, म्हणजे आई. सासऱ्यांना आबा.

सपाटीवर कुठेही उभं राहिलं तरी लांबचं दिसायचं. इथे बघावं तिकडे डोंगर समोर उभा. पहिल्या वर्षी मला झोपडीबाहेर बसूनही कोंडल्यासारखं व्हायचं. गावातल्या बाया भरभर बोलायच्या, त्यांचे अर्धे शब्द मला कळायचे नाहीत. मी आधीच कमी बोलणारी. त्यात इथे तोंड उघडलं की कोणी ना कोणी माझ्या बोलण्याची नक्कल करायचं. मग मी मान हलवूनच काम भागवायला लागले.

पावसाळ्यात याहा रोज रानात जायची. मी टोपली घेऊन मागे. ती चालता चालता पानं खुडायची, टोपलीत टाकायची, कशाचं काय ते सांगायची नाही. तिला वाटायचं, डोंगरातल्या बाईला हे आईच्या पोटातच कळतं. मला वाटायचं, विचारलं तर ती हसेल. दोघींच्या मध्ये ती टोपली, बाकी काही नाही. त्याच पावसाळ्यात एकदा ती एका झाडाखाली वाकली. झाडावर एक वेल चढला होता. तिने जुन्या लुगड्याची चिंधी फाडून त्या वेलाच्या बुडाशी बांधली आणि दोन गाठी मारल्या. मी बघितलं आणि मनात म्हटलं, हां, हे मला माहीत आहे.

थंडी सरता सरता याहाच्या बहिणीच्या घरी कोणी वारलं, म्हणून ती दोन दिवसांसाठी गेली. घरात भाजी नव्हती. मला वाटलं, हिच्या मागे आपण काहीतरी करून दाखवावं. वेल तोवर वाळले होते, एकाही वेलावर पान नव्हतं. मी खुरपं घेऊन गेले. चिंधी उन्हापावसाने पांढरी पडली होती, पण गाठी तशाच होत्या. खणलं, तर लहान बाळाच्या डोक्याएवढा कंद निघाला. असा कंद गावातल्या बाया उकडून खातात, हे मी पाहिलं होतं. सोलला, उकडला, मिरची आणि मीठ घालून परतला.

आबांनी दोनदा मागून घेतलं. "आज वहूने पोट भरवलं," म्हणाले. वहू म्हणजे सून. आमच्याकडे पुरुषांचं झाल्यावर बाया बसतात. मी माझं ताट वाढून घेतलं आणि बसणार, तोच ते घसा धरून म्हणाले, "आत जळतंय गं." मग ओकारी. मग उठायला गेले आणि मेढीच्या खांबाला धरून तसेच खाली बसले. माझ्या ताटातला घास ताटातच राहिला.

शेजारच्यांना हाक मारायला मला शब्द सापडेना. मी नुसती त्यांच्या दारात उभी राहिले आणि आमच्या घराकडे हात केला. चार जणांनी घोंगडीची झोळी करून आबांना सडकेपर्यंत नेलं. जीपवाल्याने जो दवाखाना जवळचा तिथे नेलं, तो खासगी होता. डॉक्टर विचारत होते, "काय खाल्लं? सांगा, काय खाल्लं?" कंदाचा एक तुकडा माझ्या पदराच्या गाठीत होता, डॉक्टरला दाखवायचा म्हणूनच घेतला होता. पण मी दारामागे उभी. बरोबर आलेला माणूस म्हणाला, "भाजी खाल्ली." डॉक्टर ओरडले, "कसली भाजी?" तेव्हा कुठे मी पुढे झाले आणि तुकडा टेबलावर ठेवला. किती वेळ गेला असेल कुणास ठाऊक. तो वेळ माझ्यासाठी अजून संपलेला नाही.

आबांचा जीव वाचला. तीन दिवस सलाईन होतं. दुसऱ्या दिवशी याहा आली. आधी आबांना बघितलं, मग मला बाहेर ओट्यावर बोलावलं.

"कुठून खणलास?"

"चिंधी बांधली होती ना, तिथून."

"खायच्या वेलाला कशाला गं चिंधी बांधीन मी? तो तर मला झोपेतही सापडतो. जो मारतो त्याला बांधते. पानं झडली की कोणी पोराटोराने उकरू नये म्हणून."

मी केळीचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. केळीचं तिला काय माहीत.

बिल चौदा हजार झालं. याहाच्या गळ्यात चांदीची जाड हासळी होती, तिच्या आईने दिलेली. ती तिने बाजारातल्या एका शेठकडे गहाण ठेवली. शेठने तराजूत टाकली तेव्हा ती दुसरीकडे बघत होती. गळ्यावर हासळीच्या जागी कातडी फिकी, गोल. घरी येताना जीपमध्ये ती कोणाला तरी सांगावं तसं मोठ्याने म्हणाली, "हासळी परत गळ्यात येईपर्यंत हिने माहेरचं तोंड बघायचं नाही."

जीपमधल्या सगळ्यांनी ऐकलं. मी मान हलवली.

त्यानंतर मी खरी अडकले. गावात एकच बोलणं, "सासऱ्याला वाढलं आणि स्वतः नाही खाल्लं." कोणी तोंडावर काही म्हणत नव्हतं. नाल्यावर कपडे धुताना एक जण विचारायची, "आज काय शिजवलंस गं? आमच्याकडे नको पाठवू हं वाटी." बाकीच्या हसायच्या. मीही हसल्यासारखं करायची आणि घरी येऊन चुलीशी बसायची. नवऱ्याला फोनवर सांगायचं म्हणजे वर टेकडीवर जावं लागायचं, तिथेच रेंज येते. तो म्हणायचा, "याहा म्हणते तसं कर. मी आलो की बघू." तो आला, महिना राहिला, गेला. बघितलं काही नाही. टेकडीवरून स्वच्छ दिवशी खालची सपाटी दिसते, तापीची पांढरी रेघ दिसते. मी फोन झाला तरी तिथेच उभी राहायची.

एकदा माझा बाप आला. केळ्यांची पिशवी घेऊन, डोंगर चढून घामाघूम. खाटेवर बसला, पाणी प्याला आणि मला त्याच्या सपाटीच्या बोलीत म्हणाला, "चाल पोरी, दोन दिवस घर चाल. तुन्ही माय वाट देखी ऱ्हायनी."

याहा चुलीजवळून म्हणाली, "न्या की. मी कुठे धरून ठेवलंय? आधी माझी हासळी आणून द्या, आणि न्या."

"मन्हाकडे इतला पैसा कोठे शे, विहीणबाई?"

"मग माझ्याकडे तरी कुठे आहे?"

बाप पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसला. जेवला आणि गेला. मी सडकेपर्यंत त्याच्याबरोबर जावं असं वाटलं, पण याहाकडे बघितलं आणि उठले नाही. केळी काळी पडेपर्यंत कोणी खाल्ली नाहीत.

पाऊस आला तेव्हा याहाने टोपली माझ्या हातात दिली. म्हणाली, "आता तोंड उघडायचं. प्रत्येक पानाला विचारायचं. नाही विचारलंस तर टोपली मीच उचलेन आणि तू घरी बसायचं."

तसं मी विचारायला लागले. पहिले काही दिवस आवाजच निघायचा नाही. ती थांबायची, पुढे जायची नाही. मी बोलेपर्यंत पावसात उभी राहायची. मग मी विचारायची, "हे काय?" आणि ती सांगायची. ती वाईट शिक्षिका होती, चिडायची फार. पण एकदा सांगितलेलं कधी बदलायची नाही.

कंदाचा वेल पानं असतानाच ओळखायचा. एका देठाला पाच पानं असली तर गोड. एकच मोठं पान आणि वेलाला बटाट्यासारखे गोळे लटकलेले असले तर कडू. तो पातळ कापायचा, राख घालून उकडायचा, टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायचा आणि पुन्हा उकडायचा. तीन पानं असली तर हात लावायचा नाही. "जुनी माणसं दुष्काळात तोही खायची," ती म्हणाली, "किती दिवस पाण्यात ठेवायची ते त्यांना माहीत. मला नाही माहीत. म्हणून मी चिंधी बांधते." जे माहीत नाही ते माहीत नाही, असं ती सरळ सांगायची. मला ते फार आवडलं, पण तसं बोलून दाखवलं नाही.

बांबूचे कोंब चिरून पाण्यात ठेवायचे, ते पाणी फेकायचं, उकडायचे, तेही पाणी फेकायचं. तरोटा, ज्याला पुस्तकात टाकळा म्हणतात, तो पहिल्या पावसाचा कोवळाच. एका टोपलीत एकच भाजी. दोन मिसळल्या की तिसरी कधी शिरली ते कळत नाही. आणि संशय आला तर सगळी टोपली उलटी करायची, एकेक पान निवडत बसायचं नाही.

घरासाठी तिने आणखी एक नियम केला. "जी शिजवते ती आधी खाते. एक घास. मग बाकीचे." घरात बाया मागून जेवतात, हे तिनेच मला शिकवलं होतं, आणि तिनेच ते माझ्यापुरतं मोडलं. त्या दिवसापासून रोज मी आबांच्या समोर बसून पहिला घास खायची. ते भाकरीला हात न लावता माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. चावताना आवाज व्हायचा. नुसती डाळ असली तरी तसंच. याहा म्हणायची, "अजून थांबा." मग आबा खायचे. गिळणं इतकं कठीण असतं, हे मला तेव्हा कळलं.

हासळी सोडवायची तर पैसे हवेत, आणि आमच्याकडे विकायला भाजीशिवाय काही नव्हतं. म्हणून दर बाजाराला आम्ही दोघी तळोद्याला जायला लागलो. सागाच्या पानावर भाजीचे वाटे लावायचो. कर्टुली असली तर लवकर संपायची, शहरातल्या बाया त्याला चांगला भाव देतात. पालेभाजीला मात्र हजार प्रश्न. "ही कशी करायची? कडू लागते का? काही होत नाही ना?" त्या शेवटच्या प्रश्नाला मी उगाच वाटे सारखे करत बसायची. याहा मला कोपराने ढोसायची, "सांग." मी सांगायची, पानाकडे बघत. माझ्या लक्षात आलं की माणसांच्या डोळ्यांत बघायचं नसलं तर मला बोलता येतं.

बाजार उठल्यावर जमेल तेवढे पैसे भरायला शेठच्या दुकानात जायचो. त्यांचं घर राजस्थानाकडचं, जैन. शेठाणीबाई आमच्याकडून कर्टुली घ्यायच्या. थंडीत एकदा याहाने त्यांना गोड कंद दाखवला, तर त्या दोन पावलं मागे सरल्या. "नको बाई, आम्ही जमिनीखालचं खात नाही."

बाहेर आल्यावर याहा म्हणाली, "ऐकलंस? तुला यांच्या घरात द्यायला हवं होतं." आणि स्वतःच इतकी हसली की टोपली खाली ठेवावी लागली. लग्न झाल्यापासून मी तिला एवढं हसताना पाहिलं नव्हतं. मलाही हसू आलं. मग तिचा हात सवयीने गळ्याकडे गेला, तिथे काही नव्हतं, आणि तिने टोपली उचलली.

होळीला सगळ्यात वाईट वाटायचं. डोंगरात होळीला बाया असेल नसेल ती चांदी घालतात. याहा गळ्यात काळ्या मण्यांची माळ घालून मागे उभी राहायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "जड होते आता, मानेला सोसत नाही." माझं नाव तिने एकदाही घेतलं नाही. तिने चारचौघांत शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

हासळी गहाण पडल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात एक गोष्ट घडली. बाजाराच्या वाटेवर, डोंगर संपतो तिथे कापसाचं शेत लागतं. त्याच्या बांधावर तरोटा नुसता माजला होता, कोवळा, हातभर. याहा खुश झाली. "बघ, दोन टोपल्या इथेच." ती खुडायला बसली. मी जवळ गेले आणि मला वास आला. माझा बाप पाठीवर पंप घेऊन मळ्यात औषध फवारायचा. संध्याकाळी त्याच्या सदऱ्याला तो वास असायचा. आई तो सदरा वेगळा धुवायची.

"याहा, हे नको."

"का? तरोटाच आहे."

"तरोटाच आहे. पण याच्यावर फवारा पडलाय."

"रानातल्या भाजीला कोण औषध मारतं?"

"हे रान नाही. शेत आहे." माझा आवाज मोठा निघाला. "कापसाला मारतात, ते वाऱ्याने बांधावर येतं. टोकं बघा, पिवळी पडून वळलीत. धुऊन जाईलच असं नाही."

तिची टोपली अर्धी भरली होती. त्या टोपलीतली भाजी विकली असती तर त्या आठवड्याचे पैसे सुटले असते, हे तिला माहीत होतं, मलाही. तिने टोपली बांधावर उलटी केली. आम्ही पुढे चाललो. बऱ्याच वेळाने ती थांबली, परत वळली, बांधाशी गेली आणि म्हणाली, "वास कसा तो मला दाखव."

मी एक पान तिच्या नाकाशी धरलं. तिने डोळे मिटून वास घेतला. "कळला," म्हणाली. मग आम्ही ओढ्यावर हात धुतले. त्या दिवशी मी तिला केळीच्या पट्टीचंही सांगितलं. ती ऐकत चालली. शेवटी एवढंच म्हणाली, "हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

आता तिसरा पावसाळा सरत आला आहे. गेल्या बाजाराच्या सकाळी मी भाकरी आणि कुरडूची भाजी केली. आबा बसले. मी माझा घास घ्यायच्या आधीच त्यांनी भाजीत भाकरी बुडवून तोंडात टाकली.

"आबा, थांबा! मी अजून खाल्लं नाही."

"खाशील सावकाश," ते म्हणाले. "तीन वर्षं तुझं तोंड बघत बसलो. कंटाळा आला."

याहाने त्यांना आणखी एक भाकरी वाढली. मी घास घेतला, पण तो चावताना आवाज झाला की नाही, ते मला आठवत नाही.

बाजारात कर्टुली दुपारपर्यंत संपली. टोपली रिकामी केली तर तळाशी सागाची पानं, आणि त्याखाली माझी चांगली साडी घडी करून ठेवलेली. साडीखाली मूठभर कर्टुली फडक्यात बांधलेली. मी ठेवली नव्हती. मी याहाकडे बघितलं. ती नोटा मोजत होती. मोजता येत नाही तिला नीट, तरी मोजत होती.

"ती कर्टुली तुझ्या आईला," ती वर न बघता म्हणाली. "चल, आधी शेठकडे."

शेठने हासळी काढून तराजूत टाकली, वजन दाखवलं. चिठ्ठीवरचा उरलेला आकडा वाचला, व्याज धरून. आम्ही पैसे पुढे केले. त्यांनी मोजले. एकशे वीस रुपये कमी पडत होते.

"राहू दे," शेठ म्हणाले. "तीन वर्षं येताय. तेवढे सोडले."

याहा हासळी घ्यायला पुढे झाली. माझ्या कमरेच्या पिशवीत माहेरी जायचं, शहाद्याच्या गाडीचं भाडं होतं, मीच बाजूला ठेवलेलं, कधीपासून. किती बाजारांतून दहा-दहा करून. ते मी बाहेर काढलं. मी शेठकडेच बघत होते, टेबलाकडे नाही.

"नाही," मी म्हटलं. "पूर्ण घ्या."

"अगं, तुझं गाडीभाडं," याहा म्हणाली. म्हणजे तिला माहीत होतं.

"पुढच्या बाजाराला जाईन मी. माझ्या पैशाने."

शेठने नोटा घेतल्या, एकशे वीस मोजल्या, वरचे दोन दहाचे परत दिले. चिठ्ठीवर दोन आडव्या रेघा मारल्या आणि ती माझ्या हातात दिली. मी ती वाचली, सगळे आकडे. चौथीपर्यंत शिकले आहे, तेवढं येतं. खाली काही बाकी नव्हती.